बलावण्याची वाट

आमच्याकडे कोणाच्या घरी जेवायला जायचं तर नुसतं आमंत्रण पुरत नाही. आठ दिवस आधी सांगून गेलेले असोत, पानं मांडल्यावर पुन्हा त्या घरचं कोणीतरी दारात यावं लागतं आणि 'चला, जेवाले चला' म्हणावं लागतं. त्याला आम्ही बलावणं म्हणतो. ते येईपर्यंत माणसं धुतलेले कपडे घालून आपल्याच ओसरीवर बसून राहतात, पोटात कावळे ओरडत असले तरी. बलावण्याशिवाय पंगतीत जाऊन बसणाऱ्याला हावरट म्हणतात, आणि आमच्या अल्लीपूरसारख्या गावात एकदा कोणाला हावरट म्हटलं की ते त्याच्या नातवंडांपर्यंत पुरतं.

हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुरीच्या त्या भल्यामोठ्या हॉटेलात आम्ही दोघं नवरा-बायको पहिल्या रात्री जेवायला का गेलो नाही, हे तुम्हाला कळायचं नाही.

ऐंशीच्या पुढची वर्षं होती. गावात यांचं खत-बियाण्याचं दुकान. एका खताच्या कंपनीनं त्या वर्षी चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना सहलीचं बक्षीस ठेवलं होतं, आणि ते यांना लागलं. येण्या-जाण्याचं रेल्वेचं तिकीट आणि पुरीला समुद्रकाठच्या इंग्रजांच्या काळातल्या हॉटेलात चार दिवस, तेही जोडीनं. घरात सगळे हसले. सासू-सासरे, दोन दीर, जावा, पोरंसोरं अशा भरल्या घरात नवरा-बायकोनं एकत्र वर्ध्याच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी चार जण कारण विचारत. पण सासूबाईंनी परवानगी दिली, कारण पुरीला जगन्नाथ आहे. देवदर्शन म्हटल्यावर कोण अडवणार?

सासूबाईंच्या मनात आणखीही एक होतं, आणि तेच माझ्या उरावर बसलं होतं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वर्ध्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, जडीबुटीही झाली. त्यातच त्या पावसाळ्यात सगळ्यात धाकट्या जावेला तिसरा मुलगा झाला. सासूबाईंनी ठरवून टाकलं, हा मोठीला, म्हणजे मला द्यायचा. आम्ही पुरीहून आलो की मुहूर्त पाहायचा, चार माणसं बोलवायची आणि पोरगा माझ्या ओटीत घालायचा. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. तुझा नवरा हो म्हणतो, एवढंच वर म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मला मूल हवं होतं. किती हवं होतं ते सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत. गावातल्या एखाद्या बाईनं सहज म्हणून तिचं लेकरू माझ्याकडे धरायला दिलं, तर परत देताना माझे हात लवकर सुटत नसत. पण मी माझ्या जावेला पाहिलं होतं. मागच्या अंगणात ती भिंतीकडे तोंड करून पोराला पाजत बसायची आणि तिचे खांदे हलत असायचे. तिला कोणी विचारलं नव्हतं. मलाही कोणी विचारलं नव्हतं. आणि नवऱ्यानं मला न विचारता परस्पर होकार दिला म्हणून माझं डोकं असं फिरलं होतं की मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. घरात भांडायलाही जागा नव्हती. बोलायचं ते पुरीलाच, असं मी मनाशी ठरवलं होतं.

वर्ध्याहून हावड्याच्या गाडीत बसलो. सोबत दशम्या, जवसाची चटणी, आंब्याचं लोणचं. मध्ये गाडी बदलली. सगळा रस्ता मी तोंड फुगवून खिडकीबाहेर पाहत होते आणि हे पेपर वाचत होते. तोच पेपर, पुन्हा पुन्हा. एकदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग पाणी पाहिजे का एवढंच विचारलं.

हॉटेल पाहून मात्र माझा फुगवटा थोडा उतरला. पांढरी शुभ्र इमारत, लांबच लांब व्हरांडा, त्यात वेताच्या ऐसपैस खुर्च्या, आणि समोर वाळू ओलांडली की समुद्र. मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हिंगणघाटला वणा नदीला आलेला पूर. पण पुराला पलीकडचा काठ असतो. इथं पलीकडे काहीच नव्हतं, आणि ते बघून मला आधी भीतीच वाटली. खोली एवढी उंच की वरचा पंखा फिरतो तरी वारा खाली पोचेना. पलंगावर मच्छरदाणी, आंघोळीच्या जागी एक पांढरा टब, ज्यात मी शेवटपर्यंत पाय ठेवला नाही. हे म्हणाले, साहेबलोक यात बसून आंघोळ करत. मी म्हटलं, म्हणजे स्वतःच्याच मळक्या पाण्यात, छी.

संध्याकाळी आंघोळ करून मी लग्नातली जांभळी साडी नेसले, यांनी इस्त्रीचा सदरा घातला. खाली कुठेतरी घंटा वाजली, चांगली पितळी, आमच्या शाळेसारखी. देवाची आरती असेल, असं मी म्हटलं. मग पायऱ्यांवर पावलं वाजली, माणसं बोलत खाली गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला, मागून कसल्यातरी मसाल्याचा वास आला. पानं मांडतायत, हे म्हणाले. आम्ही दाराजवळच्या खुर्च्यांवर सरळ बसलो, मी पदर सावरून. आता येतील बोलवायला.

कोणी आलं नाही. व्हरांड्यातून एक-दोन नोकर पांढऱ्या पगड्या घालून गेले, आम्हाला बघून मान लववली आणि पुढे गेले. मी म्हटलं, तुम्ही जाऊन पाहा की. हे म्हणाले, असं कसं, त्यांचं आटोपलं की बोलावतील. मग माणसं जेवून, दात कोरत परत वर आली. मग खालचे दिवे मालवले. आम्ही उरलेल्या दशम्या चटणीशी खाल्ल्या, आणि मी हॉटेलवाल्यांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. एवढं मोठं घर आणि पाहुण्याला जेवायला बोलवायची रीत नाही.

सकाळी मॅनेजर व्हरांड्यात भेटला. वयस्कर, टापटीप माणूस. त्यानं हिंदीत विचारलं, प्रवास बरा झाला ना, काल घंटा झाल्यावर आपण जेवायला आला नाहीत, आम्हाला वाटलं आपल्याला भूक नसेल. त्यात काही खोच नव्हती. त्यानं खरंच काळजीनं विचारलं होतं, आणि आता नाश्त्याची घंटा होईल तेव्हा या, असंही सांगितलं.

तो गेल्यावर हे माझ्याकडे पाहत राहिले. मग हसायला लागले. आधी आवाज न करता, मग एकदम पोट धरून. किती वर्षांनी मी त्यांना असं हसताना पाहिलं. घरी मोठ्यांसमोर तसं हसायची सोय नव्हती.

"आपन बलावण्याची वाट पाहत बसलो," ते म्हणाले, "अन् त्याइले वाटलं आपल्याले भूकच नाई."

मीही हसले. पण नाश्ता करताना, त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलावर काटे-चमचे बाजूला सारून हातानं ऑम्लेट खाताना, ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घरात मी कधी काही मागितलं नव्हतं. कोणी विचारेल, मग सांगू, अशी वाट पाहत आले होते. आणि सगळ्यांना वाटत होतं, मोठीला काही म्हणायचं नाही. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसायची, तिच्याबद्दलही सगळ्यांना तेच वाटत होतं. मूग गिळून बसायचं हे वळण आम्हाला इतकं छान लागलं होतं की पोटचं पोर हातातून जात असतानाही ती बाई हुं का चूं करत नव्हती.

त्या दिवशी दुपार उतरल्यावर आम्ही वाळूत गेलो. हे पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे राहिले. लाट आली की मागे सरायचे, मोठा माणूस आणि मुलखाचा भित्रा. मी कोरड्या वाळूत उभी होते. आता नाही विचारलं तर जन्मात विचारणार नाही, असं वाटलं.

"तुमी हो काऊन म्हटलं?" मी विचारलं.

त्यांना लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला पुन्हा, ओरडून विचारावं लागलं. भर समुद्रावर मी नवऱ्यावर ओरडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. ते बाहेर आले. कशाला हो म्हटलं, असं विचारलं. पोराला, मी म्हटलं.

"मी कवा हो म्हटलं?" ते म्हणाले. "आईनं सांगतलं, तू हो म्हटलं म्हनून."

 म्हणजे इतके दिवस माझा राग होता तो यांच्या होकाराचा, जो त्यांनी दिलाच नव्हता. आणि ते गप्प होते ते मला दुखवायला नको म्हणून, माझ्या होकारापायी. सासूबाई खोटं बोलल्या, असं मी म्हणत नाही. त्यांच्या लेखी आमचा होकार धरलेलाच होता. एका सुनेला तीन पोरं जड, एकीला एकही नाही, त्यांनी आपल्या परीनं दोघींचं दुःख वाटून टाकलं होतं. वाईट चिंतून त्यांनी काही केलं नव्हतं.

मग मी त्यांना जावेचं सांगितलं, मागच्या अंगणातलं, सगळं. ते ऐकत वाळूत खाली बसले. पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिले.

"मले लेकरू पाह्यजे वं," ते म्हणाले. "लय पाह्यजे. पन तिच्या मांडीवरून उचलून नाई."

त्यांनी असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला वाटायचं, पुरुषाला त्याचं तेवढं काही नसतं, दुकान आहे, शेत आहे, भाऊ आहेत. मी तिथंच बसले आणि रडले. तेही रडले. शेजारून एक कोळी जाळं ओढत गेला, त्यानं पाहिलं आणि मान वळवून घेतली. उरलेल्या दिवसांत आम्ही प्रत्येक घंटेला सगळ्यांच्या आधी जेवायला हजर राहिलो. जगन्नाथाचं दर्शन घेतलं, पण त्याच्याकडे काही मागितलं नाही. हॉटेलच्या व्हरांड्यात बसून आम्ही इतकं बोललो की लग्न झाल्यापासून एकूण तेवढं बोललो नसू. जास्त करून मूल नसलेलं आयुष्य कसं काढायचं, याबद्दलच.

घरी आलो. प्रसाद वाटून झाला, आणि सासूबाईंनी मुहूर्ताचा विषय काढला. हे बोलायला लागले आणि अर्ध्यातच माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मीच बोलले. सासू-सासरे, दीर, जावा, सगळे बसले होते. मी धाकटीकडे पाहून म्हटलं, "पोरगा तुहाच हाय. तुयापासून मले त्याले न्याचं नाई."

ती उठून आत निघून गेली. सासूबाई मात्र संतापल्या. म्हातारपणी तुम्हाला कोण पाहील, असं त्यांनी विचारलं. त्या कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारपाजारच्या बायकांनी मला शिष्ट म्हटलं. आम्हाला पुढंही मूल झालं नाही. ते दुःख कमी झालं असं मी सांगणार नाही, ते तेवढंच राहिलं.

मुहूर्ताचा विषय मोडल्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी तांदूळ निवडत बसले होते. धाकटी आली. दत्तकाचं बोलणं निघाल्यापासून तिनं ते पोर माझ्या जवळपासही आणलं नव्हतं. मी घरात शिरले की ती त्याला पदराखाली घ्यायची, आणि मी त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या पुढ्यातलं सूप बाजूला सरकवलं आणि पोराला माझ्या मांडीवर ठेवलं.

"घ्या बाई याले," ती म्हणाली. "मले नदीवर धुनं धुवाले जाचं हाय, यीन मी दुपारून."

आणि मागे वळूनही न बघता ती कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेली.