फुटक्या घंटेच्या गावातली हाक

सत्तावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्मी तरी माळशेज घाटाच्या गाड्यांवर गेली. घाटातल्या वळणावर हात दाखवून गाडीत चढणारी आणि पुढच्या वळणावर सीटवरून गायब होणारी ती पांढऱ्या साडीतली बाई... तिच्यावर या सदरात आतापर्यंत तीन-चार पत्रं तरी आली असतील. मला ती एकदाही भेटली नाही. नवे कंडक्टर घाबरत घाबरत विचारायचे, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असायचं — माझ्या गाडीत तिकीट फाडल्याशिवाय भूतसुद्धा बसत नाही.

तर असा मी माणूस. देवाला हात जोडतो, पण चकवा, भानामती, अंगात येणं यातलं काही मानत नाही. आजही मानत नाही. तरी २००६ च्या मे महिन्यात, भर दुपारी, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जे झालं ते अजून मला सुटलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे. बायकोचं नाव यशोदा. पुढचं सगळं नावावरच आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. उखाण्यात घेतलं तर घेतलं. यशोदा त्यात सगळ्यांच्या वरताण! माझं नाव बाळाराम. त्यात 'राम' येतो म्हणून ही रामफळाला 'सीताफळाचा भाऊ' म्हणते. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारणीला कोपराने ढोसते, "सांग ना गो!" मला हाक मारायची तर "अवो". बत्तीस वर्षांच्या संसारात लग्नातला उखाणा सोडला तर तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलेलं नव्हतं.

आमचा मुलगा महेश न्यू जर्सीला इंजिनियर आहे. मी रिटायर झालो आणि त्याने आम्हा दोघांची तिकिटं पाठवली. त्याला रजा मिळेना, म्हणून एका टूरच्या बसमध्ये आम्हाला बसवून दिलं — बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. तिकडची जुनी, इतिहासातली शहरं. बसमध्ये बहुतेक आमच्यासारखेच होते, पोरांनी बसवून दिलेले आईबाप.

खरं सांगतो, आयुष्यात इतकी मजा कधी केली नव्हती. गाडीत बसून जायचं आणि तिकिटं दुसऱ्याने बघायची, हे सुखच वेगळं. पण सवय जाते कुठे? प्रत्येक स्टॉपनंतर मी उठून डोकी मोजायचो. त्रेचाळीस. गाईड मुलगी आधी हसली, मग मलाच विचारायला लागली. दुसऱ्या दिवसापर्यंत अख्खी बस मला 'कंडक्टरसाब' म्हणत होती. पुढच्या सीटवर मुलुंडचे रमणिकभाई होते. यशोदाने तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी आणली होती. तिने डबा उघडला आणि रमणिकभाई नाकाला रुमाल लावून थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसले. संध्याकाळी परत आले, येताना आमच्यासाठी थेपले घेऊन. तेव्हापासून दोस्ती.

बॉस्टनला फुटपाथवर लाल विटांची एक रेघ काढलेली आहे. त्या रेघेवरून चालत राहिलं की सगळी जुनी ठिकाणं आपोआप येतात. यशोदाला ती फार आवडली.

"ही बेस आयडिया हाय," ती म्हणाली. "माणूस चुकायचाच नाय. धसईच्या बाजारात पण मारायला पायजे अशी."

फिलाडेल्फियात मात्र रेघ नव्हती. तिथे त्यांच्या स्वातंत्र्याची घंटा आहे. भलीमोठी, आणि तिला चांगली उभी चीर गेलेली. ती बघायला ही रांग! मी म्हटलं, माझ्या गाडीची घंटा किती वेळा तुटली, कुत्रं फिरकलं नाही बघायला. यशोदा हनुवटीला हात लावून बघत राहिली.

"फुटली तं नवी का नाय ओतली?"

"स्वातंत्र्याची आहे गो. तशीच ठेवलीय, आठवण म्हणून."

तिने पदर सावरला आणि घंटेला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मागच्या गोऱ्या पोरीने तिचा फोटो काढला. तेव्हा सव्वा वाजला असेल. गाईडने सांगितलं, अडीचला बसपाशी या, तोवर फिरा.

यशोदाला बाथरूमला जायचं होतं. पर्स माझ्या हातात देऊन ती आत गेली. महेशच्या फोन नंबरची चिठ्ठी त्या पर्समध्ये. आणि त्या इमारतीला दारं दोन बाजूंना. मी एका दारात उभा, ती बाहेर पडली दुसऱ्या दाराने. मला हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की दहा मिनिटं झाली, वीस झाली, यशोदा नाही.

एका बाईला आत पाठवून बघितलं. बाहेर दोन फेऱ्या मारल्या. यशोदाला इंग्रजीचा गंध नाही, जवळ फोन नाही, चिठ्ठी नाही. शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत टोपीवाल्या एका युनिफॉर्मच्या माणसाला गाठलं. बिचारा भला होता. तिचं नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, अंगात काय कपडे आहेत?

"साडी."

"कुठला रंग?"

प्रवासी गाडीत चढताना एकदा चेहरा बघितला की कोण कुठे उतरणार हे मी तिकीट न बघता सांगायचो. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या डोक्याला फेटा, सगळं लक्षात. आणि सकाळपासून माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माझ्या बायकोच्या साडीचा रंग मला सांगता येईना. डोळे मिटून बघितलं. काहीच दिसेना. मला रडू फुटलं. लाज वाटत नाही लिहायला, त्या फुटपाथवर उभा राहून मी रडलो.

तेवढ्यात रमणिकभाई आले. काय झालं ते ऐकून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घड्याळ बघितलं. बरोबर दोन. बस सुटायला अर्धा तास.

आणि हाक आली.

"बाळाराम!"

आवाज यशोदाचा. लांबून, पण स्वच्छ. भाताच्या शेतात एका बांधावरून पलीकडच्या बांधावर हाक येते ना, तशी. त्या क्षणी मला त्यात काहीही विचित्र वाटलं नाही. बायको सापडली, एवढंच वाटलं. रमणिकभाईंनीही मान वळवली.

"कोई बहन आवाज दे रही है," ते म्हणाले आणि हात केला. "उस तरफ से. जाइए आप, बस मैं रोकता हूँ."

मी पळालो. साठीला टेकलेला माणूस, हातात बायकांची पर्स, पायात महेशने घेतलेले पांढरे बूट... लोक वाट देत होते. बरंच अंतर गेल्यावर एक चौक आला आणि मी अडकलो. सरळ की उजवीकडे? गाड्यांचा आवाज, बांधकामाची खडखड. त्यातून पुन्हा माझं नाव आलं. या वेळी हळू. चुलीपुढे बसून कुणी बोलावं तसं. उजव्या बाजूने.

उजवीकडे वळून पुढे गेलो तर एक अरुंद गल्ली. दगडी फरशी, दोनेकशे वर्षांपूर्वीची विटांची घरं, खिडक्यांखाली फुलांच्या पेट्या. तिसऱ्या घराच्या पायरीवर माझी यशोदा बसली होती. हातात पाण्याचा ग्लास. शेजारी एक पांढऱ्या केसांची गोरी म्हातारी हातात फोन घेऊन उभी होती. आणि यशोदा तिला पेटीतल्या झेंडूची वाळकी फुलं खुडून दाखवत होती!

साडी अबोली रंगाची होती. वर महेशचं निळं जर्किन.

मला बघून ती उठली. "आलात? मला वाटलं गाडी सुटली." मग हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. मी तिचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. म्हातारीने टाळ्या वाजवल्या आणि निघताना कागदी कपात झेंडूचं एक रोप घालून दिलं.

परत येताना यशोदाने सगळं सांगितलं. बाथरूममधून बाहेर पडली तर समोर आपल्या गाईडचा पिवळा झेंडा. ती निघाली त्याच्यामागे. एवढं चालून गल्लीत आली तेव्हा कळलं की झेंडा दुसऱ्याच टोळीचा.

"सगळी गोरी माणसं, आणि तुला वाटेत कळलं नाही?"

"मी झेंड्याकडं बघत व्हते. माणसांकडं कशाला बघू?"

म्हातारीने तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारत राहिली — हजबंड नेम? हजबंड नेम?

"तेवढं इंग्लिश कळतं मला. नवऱ्याचं नाव इचारत व्हती."

"मग सांगितलंस ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सांगनार कशी? तोंडातून यील काय?"

मी कपाळावर हात मारला. परक्या मुलुखात चुकलेली बाई, मदत करणारं माणूस समोर, आणि हिचं आपलं तेच!

"आनि मग जवळच्या चर्चात घंटा झाली," ती म्हणाली. "टण्... टण्. दोन. डबल बेल! कंडक्टरची बायको मी. डबल बेल म्हंजे गाडी सुटली."

दोनाचे ठोके ते. तिला कोण सांगणार.

"म्हणून मग ओरडलीस," मी म्हटलं.

"कोन? मी? मी कुठं वरडले?"

मला वाटलं, लाजतेय. मी विषय वाढवला नाही.

बसपाशी पोचलो तेव्हा अडीच वाजून पाच मिनिटं झाली होती. रमणिकभाई एक पाय पायरीवर ठेवून दारात उभे. "कंडक्टर के बिना गाडी कैसे छूटेगी?" आम्ही चढलो तर सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. मी डोकी मोजली. त्रेचाळीस. मग मलाच राहवेना, मोठ्याने ओरडलो, "टिंग टिंग!" ड्रायव्हरला काय समजलं देव जाणे, हसला आणि गाडी सोडली.

गाडी शहराबाहेर पडली, तेव्हा रमणिकभाई मागे वळले.

"कंडक्टरसाब, एक बात पूछूँ? भाभी किसको बुला रही थीं? ये बालाराम कौन है?"

अंगावर सर्रकन काटा आला. बसमध्ये माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. गाईडच्या यादीत नुसती आडनावं. मी होतो कंडक्टरसाब.

मी यशोदाकडे बघितलं. ती कानापर्यंत लाल झालेली, मान खाली, कपातल्या झेंडूकडे बघतेय.

"खरं सांग गो."

"मनात घेतलं वो," ती पुटपुटली. "तोंडातून नाय, आईशप्पत. बेल झाली तवा एकदा. म्हातारीनं फोन हातात घेतला तवा एकदा. तिसऱ्या खेपेला घेनार तं तुमीच समोर." मग एकदम दचकून म्हणाली, "म्हंजे तुमाला ऐकू गेलं?"

"गेलं. यांनाही गेलं."

"यांना पन? अगो बाई!" आणि तिने पदर तोंडावरून ओढून घेतला. चमत्कार झाला याचं तिला काही नाही. परक्या माणसाने आपल्याला नवऱ्याचं नाव घेताना ऐकलं, हे मात्र तिला वॉशिंग्टनपर्यंत पुरलं.

महेशने नंतर कॉम्प्युटरवर नकाशा काढून मोजलं. फुटपाथपासून त्या पायरीपर्यंत किलोमीटरभर अंतर, मध्ये इमारती आणि रहदारी. बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी पोचणार नाही, आणि ती तर ओरडलीच नव्हती. महेश म्हणाला, बाबा, टेन्शनमध्ये भास होतात. असेल. पण रमणिकभाईंना कसलं टेन्शन? ते तर हातात खाकऱ्याचं पाकीट घेऊन आले होते. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. मी दरवेळी तेच विचारतो, ते दरवेळी तेच सांगतात — बाईचा आवाज, आणि बालाराम.

पुढच्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. बायका यशोदाच्या मागे लागल्या, अमेरिकेचा उखाणा घे. मी ओटीवर पेपर उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो, हे सांगायला नकोच. आतून आवाज आला —

"सातासमुद्रापल्याड चुकले मी वाट,
बाळारामरावांची मनातच पडली गाठ."

बायका हसल्या. माझा पेपर हातातच राहिला. आवाज तोच होता. त्या चौकात उजव्या बाजूने आलेला, चुलीपुढचा.

मीही करून बघितलंय. शेताच्या बांधावर उभा राहून मनातल्या मनात हाक मारतो, यशोदा, चहा आण. एकदाही आला नाही. तिला सांगितलं तर म्हणते, "चहासाठी मारलेली हाक व्हय ती? मनापासून मारा."

याचं कारण माझ्यापाशी नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मात्र 'भास' सोडून. मी आपला त्या दिवसापासून एकच नेम धरलाय. सकाळी ती ओटीवर आली की आधी तिच्याकडे नीट बघून घेतो. ती म्हणते, "काय बघता वो एवढं?" मी म्हणतो, "काय नाय."

आत्ता हे लिहितोय, तेव्हा ती अंगणात भात वाळत घालतेय. आज साडी हिरवी आहे. काठ लाल, आणि पदराला एका जागी टाका घातलेला.