मुठीतल्या अक्षता

श्रावणातल्या शुक्रवारी, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या.

"भाऊ, जिवतीची कहाणी सांगायचीय. ऐकणारं कुणीतरी लागतं. नुसतं हूं म्हणा."

त्यांची मुलगी आत होती, माझे वडीलही. जागरणाने माझे डोळे मिटत होते.

"मला झोप लागली तर?"

"चिमटा काढीन."

कहाणीतल्या आईचं बाळ कुणीतरी पळवलेलं असतं. ते कुठे आहे, तिला ठाऊक नसतं. ती चारी दिशांना अक्षता टाकते आणि म्हणते, असेल तिथे सुखरूप असो. बाईंची नजर बंद दारावर होती.

जिवतीच्या अक्षता पोचतात की नाही, याची खातरजमा करता येत नाही. पण कहाणी एकट्याने सांगायची नाही, हा नियम ज्याने केला, तो कधीतरी अशाच दाराबाहेर बसला असावा.

दार उघडून नर्सने विचारलं, "मुलीची आई कोण?"

बाई उठल्या. कहाणीतलं बाळ अजून सापडलं नव्हतं.

"अक्षता सांडू नका. उरलेली आल्यावर सांगते."

दार लागलं. माझी झोप उडाली होती. मूठ आवळून, बंद दाराकडे पाहत, मी हूं म्हटलं.