रक्त मागणारा मामा

आमचा मामा पायऱ्या बसून उतरायचा. भोरच्या बाजारपेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, रस्त्यापासून थोडं उंचावर. संध्याकाळी कुलूप लावलं की तो वरच्या पायरीवर बसे आणि सरकत सरकत खाली येई. बघणाऱ्यांना म्हणे, "हसा की! राजगड असाच उतरलोय म्या." राजगडावर तो कधी गेलेलाच नव्हता.

त्याचं रक्त लवकर गोठत नसे. गुडघ्याला जरा मार बसला की आतल्या आत रक्त साचून गुडघा टम्म फुगे. असा गुडघा दुखत असला की तो आम्हा भाचरांना रेडिओ मोठ्यानं लावायला सांगे. आम्हाला वाटे, मामाला गाण्यांचा काय नाद! आपलं कण्हणं आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तो तसं करी, हे मला फार उशिरा कळलं.

आईचं सासर, म्हणजे आमचं घर, गुंजवण्याला. भावाला बरं नाही असा निरोप आला की ती मला घेऊन एसटीनं भोरला येई आणि त्याला पुण्याच्या दवाखान्यात नेई. तिथं रक्ताची बाटली विकत मिळे. मी शाळेत असताना त्या दवाखान्यानं नियम बदलला. विकतचं रक्त बंद. जेवढं घ्याल तेवढं तुमच्या माणसांनी द्यायचं. नियम चांगल्यासाठीच होता. पण ज्याला पुन्हा पुन्हा रक्त लागतं, त्यानं इतकी माणसं आणायची कुठून?

त्याच सुमारास मामाची दाढ काढली आणि रक्त थांबेना. आई पुढं झाली, तर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे." वडिलांनी दिलं, ते पुरलं नाही. तेव्हा आई भोरला परतली आणि भर बाजारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "माझ्या दादाला रक्त पायजे. कोन देतंय का?"

माणसं मागं सरकली. "रक्त दिलं की नांगर धरवत न्हाई," कुणीतरी पुटपुटलं. मग गर्दीतून भिवा गवंडी आला. भोरच्या बौद्ध वस्तीतला. आमची त्याची ओळखसुद्धा नव्हती. "ताई, म्या येतो. रोज दगड उचलतो, एक बाटली काय जड हाय?" त्यानं वस्तीतली आणखी माणसं सोबत घेतली. मामा वाचला.

मामा घरी आल्यावर त्याच्या चुलत्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "कुनाकुनाचं घेतलंस रे अंगात?"

"ज्यांनी दिलं त्यांचं. तुमी आला न्हाईत, काका."

त्या दिवाळीपासून मामा पहिला फराळ भिवाच्या घरी करू लागला. आम्हालाही नेई.

पुढं त्याला एक ध्यासच लागला. पुण्यात कुणाचंही माणूस रक्तावाचून अडलं की हा दुकान बंद करून काठी टेकत आंबवड्याला जाई, भाटघरला जाई, लोकांची भीती घालवून माणसं जमवी. आई रागवे. तो म्हणे, "मला देता येत न्हाई गं, पन मागता तर येतंय!"

एकदा एका बाळंतिणीसाठी माणसं जमवून तो परतत होता. भाटघरजवळ एसटीला गचका बसला आणि त्याचं डोकं खिडकीच्या दांडीवर आदळलं. "जरा दुखतंय," एवढंच म्हणाला. त्याला पुण्याला नेईपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. भिवा आणि त्याच्याबरोबर कितीतरी जण बाह्या वर करून दवाखान्यात उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव झालाय. आता उपयोग नाही."

"घ्या तरी, सायेब," भिवा म्हणाला. "भरपूर हाय."

बाळंतीण वाचली. मामा गेला.

तोच आजार आज माझ्या नातवाला आहे. आता सरकारी दवाखान्यात त्याचं इंजेक्शन फुकट मिळतं, रक्तासाठी कुणाला आणावं लागत नाही. परवा नर्सनं विचारलं, "आजी, सोबत कुणी नाही आलं?"

"आता कुणी लागत नाही," मी म्हणाले.

नातू आत गेला. मी बाहेर बाकावर बसले आणि उगाचच दाराकडं बघत राहिले. वाटत होतं, मामा येईल आत्ता, मागं एवढी माणसं घेऊन.