येतो म्हण

आमच्या एसटी डेपोतले कंट्रोलर काका 'जातो' हा शब्द ऐकून घेत नसत. गाडी घेऊन निघणारा चालक असो की वाहक, खिडकीशी येऊन 'येतो काका' म्हटल्याशिवाय ते मान वर करायचे नाहीत. चुकून कुणी 'जातो' म्हणालाच, तर विचारत, "कुठी जातं बे? येतो म्हण."

डेपोत माणसं टिकत नव्हती. दूरच्या जिल्ह्यांतून नेमणूक होऊन आलेले काही महिन्यांत बदली मागत, नाहीतर सरळ घरचा रस्ता धरत. "भरती वरून होते, पण माणूस आपल्यालेच धरून ठेवा लागते," असं काका म्हणत. नव्या माणसाला खोली ते स्वतः बघून देत, खानावळीतली भाजी आधी आपण चाखत. सणाची सुट्टी लांबच्यांना पहिली मिळे. जवळच्यांची बोलणी काका खात.

मी एम.ए. करून वाहक म्हणून लागले. पहिल्याच महिन्यात, धाड गावच्या बाजाराच्या दिवशी, गच्च गाडीत तिकिटं द्यायला मला वेळ लागला. बाईले चूल सोडून इकडं कोणं आणलं, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी गाडी हसली. परत आल्यावर मी तिकिटाचं मशीन खिडकीत ठेवलं.

"काका, जाते मी."

त्यांनी मशीनला हात लावला नाही. नोकरीच सोडते आहे, हे मी समजावून सांगितलं. ते फलाटाकडे बघत राहिले. शाळा सुटलेल्या मुली तिथं धाडच्या गाडीची वाट पाहत होत्या आणि दुसरा वाहक नव्हता.

"मंग फेरी रद्द झाली म्हणून तूच सांग त्यायले."

मला ते सांगवेना. मशीन उचलून मी पुटपुटले, "येते."

"मोठ्यानं म्हण वं. मले ऐकू आलं पाहिजे."

ती फेरी झाली, मग दुसऱ्या दिवशीची. नोकरी तशीच टिकली.

निवृत्तीनंतर काका दुसरबीडला, आपल्या गावी राहिले. गेल्या हिवाळ्यात वारले. आम्ही डेपोतले काहीजण काकूंना भेटायला गेलो. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, म्हणून एकेक जण न बोलता उठला आणि चपला घालून अंगणात उभा राहिला. मीही उठले. उंबऱ्याशी बसलेल्या काकूंनी माझा हात धरला.

"तशीच चालली काय वं? म्हण. त्यायले चाललं नसतं."

अंगणातले सगळे माझ्याकडे वळले. संध्याकाळची धाडची फेरी माझीच होती.

"येते, काका," मी म्हणाले, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.