वखारवाले आणि दगडाचं झाड

उभा जन्म लाकडाच्या वखारीत गेल्यामुळे वखारवाल्यांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. साग म्हणून आलेल्या फळीला ते आधी नाक लावत, मग नख. घरी दूधवाला, डॉक्टर, जावई, कोणीच त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. नोकर पाठीमागे त्यांना शंकासुर म्हणत.

लेकीने आईवडिलांना दगड झालेलं जंगल बघायला नेलं, तर फाटकातून आत जाताच ते पुटपुटले, "सिमेंट आहे."

उघड्या माळावर ओंडके आडवे पडले होते. साल, गाठी, वाढीची वर्तुळं, सगळं जिथल्या तिथे. गाइड मुलगी सांगत होती, "झाडं पुरात वाहून आली आणि गाळाखाली गाडली गेली. हवा लागली नाही म्हणून कुजली नाहीत. जमिनीतलं पाणी आत झिरपत राहिलं. त्यात विरघळलेली गारगोटी लाकडात कणाकणाने भरत गेली. लाकूड गेलं, घडण राहिली."

"आमच्याकडे पाण्यानं लाकूड सडतं. इथलं पाणी काय वेगळं आहे?"

"तिथे हवा असते, काका. आणि याला लाखो वर्षं लागली."

"बघायला कोण होतं?"

लेकीने कपाळाला हात लावला. वखारवाले खिशातलं भिंग काढून ओंडक्याशी बसले. रेषा गाठीला वळसा घालून गेल्या होत्या. शेजारी किड्याने पोखरलेली नळी होती, तीही दगडाने भरलेली. साच्यात एवढं कोण कोरत बसेल? त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं.

बाहेर पडताना पहारेकऱ्याला त्यांच्या पिशवीत दगडी ढलपी सापडली. "इथलं काही न्यायला बंदी आहे."

"तूच टाकलीस!" वखारवाले उसळले. "असले डाव मी खूप बघितलेत."

"मी घेतली," बायको शांतपणे म्हणाली.

"तू?"

"तुम्हीच म्हणालात ना, सिमेंट आहे? मग सिमेंटच्या तुकड्याची कसली आली चोरी?"

पहारेकरी वखारवाल्यांकडे बघत राहिला.

"अस्सल आहे ते," अखेर ते म्हणाले. "चुकलं आमचं. ठेवून घ्या."

पहारेकऱ्याने समज देऊन सोडलं.

"कशाला हवी होती तुला?" गाडीत त्यांनी विचारलं.

"मागचं दार वाऱ्यानं आपटतं. त्याला लावायला. कधीची सांगतेय तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लाकडाची पाचर तासून दाराखाली सारली. बायकोने ती दोनदा हलवून पाहिली, मगच आत गेली.