दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

"इनूसभाईंची एजन्सी काढून घ्या," साहेब म्हणाले. "त्यांच्या समोरचा दुकानदार आपलंच रॉकेल दणकून विकतो. हे काय करतात?"

मी एका रॉकेल कंपनीच्या लोणावळा डेपोतला इन्स्पेक्टर. कामशेतच्या पेठेत आमचे दोन एजंट, रस्त्याच्या दोन बाजूंना. तेल एकाच टाकीतलं, भावही एकच. तरी पाट्या बदलल्यापासून इनूसभाईंकडे गिऱ्हाईक फिरकेना.

आमची कंपनी दुसरीत मिसळली म्हणून पाट्या बदलल्या. विलायती नाव बदललं, ते तसंही कुणी वाचत नव्हतं. पण छापही बदलली. छाप म्हणजे ज्या चित्रावरून लोक माल ओळखतात ते. हत्ती गेला, पणती आली. दोन्ही पाट्या मीच उभा राहून ठोकून घेतल्या होत्या.

इनूसभाईंना मी गोड बोलण्याचा उपदेश करत होतो. तेवढ्यात वडिवळ्याची एक मावशी रिकामी बाटली घेऊन समोरच्या दुकानाकडे निघाली.

"मावशी, तेल इथंही आहे की!"

"आसंल. इनूसभाऊवर राग न्हाई माजा. पर तुमचा दिवा कुटं तोंड करून बसलाय, बगा."

मला कळेना.

"दक्षिणेला, सायेब! तसला दिवा कुनासाठी लावत्यात? माज्या घरात समदी जित्ती हायेत."

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. चित्रात पणतीची चोच डावीकडे होती. समोरच्या भिंतीवर डावीकडे उत्तर येत होती, इनूसभाईंच्या भिंतीवर दक्षिण. अख्ख्या पेठेनं हे पाहिलं होतं, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी थक्क झालो. मग शरमलो. आई गेली तेव्हा कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून मीच ठेवला होता. तोच दिवा मी या माणसाच्या धंद्यावर ठोकला होता.

"हत्ती बरा होता," इनूसभाई म्हणाले. "सोंड कुठंही असो, कुणी मरत नव्हतं."

पाटी मी तिथल्या तिथं उतरवली. डेपोत परतून कारण सांगितलं, तेव्हा साहेब हसले.

"रॉकेल जळायला दिशा लागते का?"

"जळायला नाही, साहेब. विकायला लागते."

एजन्सी राहिली, आणि साहेबांनी पाटीचं गाऱ्हाणं वर कळवलं. पुढच्या खेपेला आलेल्या पाट्यांवर आणि डब्यांवर पणतीची ज्योत मधोमध होती, सरळ वर. ती जास्त आधुनिक दिसते, असं हेड ऑफिसनं कळवलं. एवढी मोठी कंपनी, आणि तिचा दिवा वडिवळ्याच्या एका बाईनं सरळ केला होता.

हल्ली पाटी ठोकताना मी आधी सूर्य बघतो, मग भिंत.