आईने खरं सांगितलं त्याची गोष्ट

माझा दमा बरा करायला आईने बाबांची अब्रू वेशीवर टांगली, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता म्हणत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेवढंच तिने सांगितलं, आणि तेव्हा मी, आठ वर्षांची, तिला टेकून धापा टाकत होते.

रत्नागिरीतले आमचे होमिओपॅथीचे डॉक्टर मूळचे शाळामास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पडवीत दवाखाना मांडला होता. बाकावर सात-आठ पेशंट, पलीकडे टेबल, मध्ये नुसता एक पडदा. साबुदाण्याच्या गोळ्या देण्याआधी ते तासभर चौकशी करत, आणि तीही आजाऱ्यापेक्षा घराण्याचीच जास्त. त्यांच्या जुन्या पुस्तकांत म्हणे लिहिलं होतं, की जुनाट दुखण्यांच्या मुळाशी तीनच दोष असतात: खरूज, आणि बाहेरख्यालीपणातून लागणारे दोन रोग, परमा आणि गरमी. मलमाने किंवा इंजेक्शनने वरवर दाबले की ते आत शिरतात आणि पोराबाळांत उतरतात. मग कुणाला दमा, कुणाला वेड. "लपवाल तर औषध लागू पडणार नाही," असं ते दरडावून सांगत. मास्तरकी काही सुटली नव्हती.

बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येत. आई आजोबांची खरूज सांगून थांबली असती तर किती बरं झालं असतं! पण माझ्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "लग्नाआधी ह्यांना तसला रोग झालेला. मुंबयला सुया घेऊन बरा झाला. लपवून काय करू? पोरीला औषध लागलं पायजे."

"म्हणजे गरमी," डॉक्टर मोठ्याने म्हणाले आणि वहीत लिहू लागले. बाकावरची कुजबुज थांबली.

मी कांदा सोडला, लसूण सोडली, गोळ्या चघळत राहिले. दमा होता तिथेच होता.

दोन-तीन वर्षांनी ताईला राजापूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, दोन्हीकडून पसंती. ताईने साखरपुड्याच्या बांगड्यासुद्धा आणून ठेवल्या. मुलाकडची माणसं रीतीप्रमाणे चौकशीला गेली ती या डॉक्टरांकडेच. घराण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार? डॉक्टर म्हणाले, "मुलगी गुणी आहे. फक्त बापाकडून गरमीचा दोष उतरलाय. वर्षभर माझं औषध घेऊ दे, मग खुशाल लग्न करा."

पोस्टकार्ड आलं, योग नाही म्हणून. डॉक्टरांनी मग स्वतःच आईला बोलावून आपण काय सांगितलं ते सांगितलं, वर ताईसाठी गोळ्यांची पुडी दिली. आपण दोन्ही घरांवर उपकार केले, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला संताप येतो तो त्याचाच. दुष्ट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

ताईला आयुष्यात कधी साधी सर्दी टिकली नव्हती. तिने पुडी न्हाणीत ओतली. सुट्टीवर आलेल्या बाबांना आईने पत्रिका जुळली नाही म्हणून सांगितलं. नंतरची स्थळंही अशीच परत गेली. पुढे पुढे ती यायचीच बंद झाली.

मी सोळा वर्षांची झाल्यावर मला कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. आई आणि ताई दोघी बरोबर होत्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात कुणाला काही आजार?"

आई घाईघाईने म्हणाली, "नाय, नाय. कुणालाच काय नाय."

"सांग की आता सगळं," ताई म्हणाली. "माझं काय बिघडायचं राह्यलंय?"

डॉक्टरांनी माझ्या हातात पंप दिला आणि कसा ओढायचा ते दाखवलं. पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी झाली, आठ वर्षांत झाली नव्हती इतकी. ताईकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तिचं लग्न मोडून मला तेव्हा एक श्वाससुद्धा धड मिळाला नव्हता.